वाट वाकडी करणारा गोळा

चेंडू घडवणाऱ्या कारागिराची सारी खटपट तो नेमका गोल व्हावा यासाठी असते. लॉन बोल्सचा लाकडी गोळा कातणारा कारागीर मात्र गोलाई साधून तिथे थांबत नसे. ती साधली की मग तो ती जाणूनबुजून बिघडवी. एका बाजूचा उतार दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित वेगळा ठेवायचा. इतका किंचित, की हातात घेतल्यावर चटकन कळू नये, पण गवतावर सोडला की गोळ्याने सरळ जाऊ नये. या मुद्दाम ठेवलेल्या असमतोलाला बोल्सच्या दुनियेत बायस म्हणतात. आपण त्याला कल म्हणू. सगळा खेळ या कलाभोवती उभा आहे. हे पुस्तक लाकडी गोळ्यांबद्दल आहे आणि त्यातले माझे म्हणणे एकच आहे: हा खेळ आधी लाकडाने घडवला, नियम मागाहून आले.

मराठी वाचकाला या खेळाची आठवण असेल ती बहुधा २ ऑगस्ट २०२२ ची. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, रॉयल लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून सुवर्णपदक आणले. या खेळातले भारताचे राष्ट्रकुलमधले ते पहिलेच पदक. त्या आठवड्यात घरोघरी लोक टीव्हीसमोर बसून गोळा वळतो कसा, हे एकमेकांना विचारत होते. पाठोपाठ पुरुषांच्या चौकडीने रौप्य मिळवले. नंतर सगळे थंडावले. चौघींच्या हातात होते ते आधुनिक, कृत्रिम पदार्थाचे, रंगीत गोळे. त्यांचे पूर्वज लाकडाचे होते, आणि ते लाकूड साधेसुधे नव्हते.

आधी खेळ समजून घेऊ. सपाट हिरवळीवर प्रथम एक छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू घरंगळत सोडतात. तो जॅक. मग आळीपाळीने आपापले गोळे त्याच्या जितक्या जवळ नेता येतील तितके न्यायचे. सगळे गोळे टाकून झाले की एक एंड संपतो. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षा आपले जितके गोळे जॅकच्या जवळ, तितके गुण. मग उलट दिशेने पुन्हा तेच. एकेरीत प्रत्येकाकडे चार गोळे असतात, चौकडीच्या सामन्यात प्रत्येकाकडे दोन. जॅकला शिवून गेलेल्या गोळ्यावर खडूची खूण करतात. असा गोळा पुढे कडेच्या चरात पडला तरी जिवंतच राहतो. नियम एवढेच, एका बैठकीत कळणारे. अवघड आहे ते गोळ्याला जॅकपर्यंत नेणे, कारण जॅकच्या दिशेने टाकलेला गोळा जॅककडे जात नाही.

भोवरा कलंडायला लागला की लगेच पडत नाही. त्याची आरी गोल गोल फिरू लागते. घरंगळणाऱ्या गोळ्याचेही तसेच होते. वजनाचा मध्य एका बाजूला सरकलेला असल्याने गोळा त्या बाजूला कलंडू पाहतो, पण फिरत असल्याने पडत नाही, वळतो. वेग असतो तोवर हे वळण नजरेत भरत नाही. वेग कमी होतो तसे ते आवळत जाते, आणि शेवटच्या दोन-तीन मीटरांत गोळा ठरवून आल्यासारखा आत शिरतो. म्हणून खेळाडू जॅककडे पाहून नेम धरत नाही. तो जॅकच्या बाजूला बरीच दूरची, रिकामी जागा हेरतो आणि गोळा तिकडे सोडतो. किती बाहेरून न्यायचा आणि किती जोर द्यायचा, ही दोनच गणिते. ती एकमेकांत अशी गुंतलेली असतात की एक चुकले की दुसरेही फसते. समोर प्रतिस्पर्ध्याचा गोळा वाट अडवून बसला असेल तर उजवीकडून नाहीतर डावीकडून वळसा घालून त्याच्या पाठीमागे पोचता येते. सरळ धावणाऱ्या चेंडूला हे कधीच जमले नसते. कल आला आणि नेमबाजीच्या खेळाला डावपेच मिळाले.

हा कल आला कुठून? एक गोष्ट हमखास सांगितली जाते. सोळाव्या शतकात सफोकचा ड्यूक चार्ल्स ब्रँडन खेळत असताना त्याचा गोळा फुटला. त्याने जिन्याच्या कठड्यावरचा लाकडी गोळा कापून आणवला. कापल्या बाजूने तो चपटा होता, म्हणून वळत गेला, आणि ते ड्यूकला आवडले. मला ही गोष्ट खरी वाटत नाही. लाकडाचा कोणताही गोळा मुळात थोडा कललेलाच असतो. एका बाजूचे लाकूड घट्ट, दुसऱ्या बाजूचे जरा विरळ. कल कोणा एकाला एका दुपारी सापडण्याची गरजच नव्हती. तो पहिल्यापासून लाकडात होता. खेळणाऱ्यांनी आधी त्याच्याशी भांडण केले असेल, मग जुळवून घेतले असेल आणि शेवटी तो हवासा वाटू लागला असेल. सोळाव्या शतकाअखेर शेक्सपियरच्या ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकात राणी आपल्या दुर्दैवाची गोष्ट बोल्सच्या भाषेत बोलते, गोळ्याच्या कलाचाही उल्लेख करते; आणि प्रेक्षकांना ते समजावून सांगायची गरज नाटककाराला भासत नाही. म्हणजे तोवर ही घरातली गोष्ट झाली होती. त्या काळी कल वाढवण्यासाठी गोळ्याच्या एका बाजूला शिसेही भरत. पुढे ते मागे पडले आणि नुसत्या आकारातून कल साधायची रीत रुळली.

खेळ त्याहून पुष्कळ जुना आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन इथे जी हिरवळ आहे तिचा इतिहास १२९९ पर्यंत मागे नेला जातो. १७७६ पासून तिथे दरवर्षी एक स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला त्या हिरवळीपुरती ‘सर’ ही पदवी मिळते आणि मग त्याने पुन्हा त्या स्पर्धेत उतरायचे नाही, पंचाचे काम करायचे. ससेक्समधल्या लुईस गावात किल्ल्याजवळच्या उंचसखल मैदानावर अजूनही जुन्या लाकडी गोळ्यांनीच खेळतात. अशा ठिकाणी गेल्याशिवाय लाकडाचा आवाज ऐकायला मिळत नाही. लाकडावर लाकूड आदळल्याचा तो ठोका कृत्रिम गोळ्यांत नाही.

सर फ्रान्सिस ड्रेकची कथा तर या खेळाला चिकटलेलीच आहे. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार दिसल्याची खबर आली तेव्हा तो प्लिमथच्या टेकडीवर बोल्स खेळत होता आणि आधी डाव पुरा करू म्हणाला, अशी ती कथा. आरमाराच्या स्वारीनंतर ३६ वर्षांनी, १६२४ च्या एका पुस्तिकेत सेनानी बोल्स खेळत होते एवढाच उल्लेख येतो. ड्रेकचे वाक्य छापले गेले ते अठराव्या शतकात. कथा खोटी असली तरी एक गोष्ट तीतून कळते: हा खेळ सेनानींनी खेळावा असा होता, नोकरांनी नव्हे. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने कारागीर, मजूर, शिकाऊ आणि नोकर यांना बोल्स खेळायला बंदी होती. सवलत फक्त नाताळात, तीही मालकाच्या घरी, मालकाच्या देखत. आपल्या बागेबाहेर खेळणाऱ्या कोणालाही सहा शिलिंग आठ पेन्स दंड होता. आणि वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असलेल्याला मात्र खासगी हिरवळीचा परवाना मिळे. कारण सांगितले जाई ते असे, की लोक खेळात रमले तर धनुर्विद्येचा सराव सोडतील. धनुष्यबाण युद्धातून कधीच गेले, पण हा कायदा रद्द व्हायला १८४५ साल उजाडले. स्कॉटलंडला हा इंग्लिश कायदा लागू नव्हता; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या औद्योगिक गावांत हिरवळीमागून हिरवळी उभ्या राहिल्या आणि कामकरी लोकांनी हा खेळ आपलासा केला. या सगळ्या इतिहासातले मला सर्वांत भावणारे पान हेच.

आता लाकडाकडे येऊ. सुरुवातीचे गोळे मिळेल त्या स्थानिक कठीण लाकडाचे होते. सोळाव्या शतकात कॅरिबियन बेटांवरून युरोपात एक लाकूड येऊ लागले, त्याचे नाव लिग्नम व्हायटी. गुआयाकम वंशातली ही झाडे. उंचीने बेताची, वाढीला अत्यंत संथ, निळ्या फुलांची. युरोपला ते प्रथम हवे होते औषध म्हणून. उपदंशावर त्याचा काढा चालतो असा समज पसरला. उल्रिख फॉन हुटेन या जर्मन सरदाराने १५१९ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. रोग काही बरा झाला नाही, पण लाकूड युरोपच्या बंदरांत पोचले आणि कातकाम करणाऱ्यांच्या हाती लागले.

ते हातात घेतल्यावर पहिली जाणीव होते ती वजनाची. साग पाण्यावर तरंगतो. या लाकडाची घनता पाण्याच्या साधारण सव्वापट, म्हणजे सागाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून ते दगडासारखे तळाशी जाते. दुसरी जाणीव स्पर्शाची. त्याच्यात राळ इतकी मुरलेली असते की पृष्ठभाग मेणचट लागतो आणि हाताच्या उबेने किंवा कातताना मंद सुवास येतो. ताजे कापलेले लाकूड पिवळसर-तपकिरी असते. उजेड आणि हवा लागली की राळेमुळे ते हळूहळू हिरवट पडत जाते, म्हणून जुने गोळे काळपट हिरवे दिसतात. यातले तंतू एका थरात एका बाजूला, पुढच्या थरात दुसऱ्या बाजूला झुकलेले, एकमेकांत गुंफल्यासारखे असतात; त्यामुळे ते फाडू म्हटले तरी सरळ फाटत नाही. गोळ्याला नेमके हेच हवे. शेकडो वेळा दुसऱ्या गोळ्यावर आदळायचे, दव पडलेल्या गवतावरून जायचे, आणि आकार बदलू द्यायचा नाही.

त्या राळेची आणखी काही कामे सांगितल्यावाचून राहवत नाही. घड्याळजी जॉन हॅरिसनने, ज्याने पुढे समुद्रावर रेखांश काढणारे घड्याळ केले, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या लाकडी घड्याळांत फिरत्या भागांना हे लाकूड वापरले. ते स्वतःच वंगण पुरवते, त्यामुळे तेल घालावे लागत नाही. १८५४ च्या सुमाराला जॉन पेन या अभियंत्याने आगबोटीच्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर पडतो तिथल्या बेअरिंगला याच लाकडाच्या पट्ट्या लावल्या, आणि आगबोटींचा एक मोठा प्रश्न सुटला. आणि विष्ठेतले न दिसणारे रक्त शोधण्याची दवाखान्यातली जुनी चाचणी, ज्यात कागद निळा पडतो, तिच्यातला तो कागद याच झाडाच्या राळेत भिजवलेला असतो. एकाच झाडाने माणसाला काय काय दिले, हे पाहिले की गोळ्याकडे नुसते खेळाचे सामान म्हणून पाहवत नाही. हेही विसरता येत नाही, की ज्या बेटांवरून हे ओंडके जहाजांत चढले त्या बेटांचा सारा व्यापार तेव्हा गुलामांच्या श्रमावर उभा होता. हिरवळीवरच्या सभ्य दुपारीला ही दुसरी बाजू आहे.

ओंडक्याचा गोळा कसा होत असे? झाड जाड वाढत नाही, त्यामुळे बहुधा एका आडव्या तुकड्यातून एकच गोळा निघे. ओंडका सावकाश वाळू द्यावा लागे. घाईने वाळवला तर मध्यापासून चिरा पडत. बहुतेक जुन्या गोळ्यांच्या दोन्ही चपट्या बाजूंना बघा, झाडाची वर्षवलये एकाभोवती एक दिसतात, आणि मधोमध हस्तिदंताची किंवा हाडाची चकती बसवलेली असते. चकतीवर मालकाची आद्याक्षरे किंवा आकडा. दोन बाजूंच्या चकत्या सारख्या नसतात. त्यांवरून अंगठ्याखाली कोणती बाजू आहे ते खेळाडूला कळते, आणि ते कळलेच पाहिजे. कल आतल्या बाजूला समजून टाकलेला गोळा उलट्या बाजूला निघून गेला तर तो हिरवळीवरच्या शेजारच्या सामन्याच्या पट्टीत जाऊन हसे करतो. चांगल्या खेळाडूच्याही हातून हे घडते.

ग्लासगोमध्ये १७९६ पासून टेलर घराण्याचा गोळे करण्याचा व्यवसाय आहे. त्या घराण्याने या धंद्याला एक महत्त्वाची गोष्ट दिली: कल तपासण्याचे टेबल. लांबलचक, अगदी समपातळीत बसवलेले टेबल, एका टोकाला उतरण. उतरणीवरून गोळा सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला तो कुठे पोचतो ते प्रमाण गोळ्याशी ताडून पाहायचे. कमी वळला तर पुन्हा चरकावर. यातून कलाला क्रमांक मिळाले, आणि तीन क्रमांकाचा कल हा किमान मानला जाऊ लागला. त्याहून कमी वळणारा गोळा स्पर्धेत चालत नसे. पास झालेल्या गोळ्यावर खेळाच्या नियामक मंडळाची आद्याक्षरे आणि वर्ष यांचा छोटा ठसा उमटवत. लाकूड झिजते, हवेने बदलते, म्हणून काही वर्षांनी तो पुन्हा तपासावा लागे, पुन्हा ठसा. एखाद्या जुन्या गोळ्यावर दोन-तीन ठसे शेजारीशेजारी दिसतात; त्यावरून तो किती वर्षे खेळात होता याचा अदमास घेता येतो.

नियमांचेही असेच. ग्लासगोचा कापूस व्यापारी विल्यम मिचेल याने १८४९ मध्ये खेळाची नियमावली बांधली आणि १८६४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आजचा खेळ त्याच पायावर उभा आहे. त्याच्या आधी गावागणिक नियम वेगळे होते. पण मिचेलने नियम का केले, हे लाकूड हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही. प्रत्येक गोळा वेगळा, प्रत्येक जोडी वेगळी, कोणाचा जास्त वळतो, कोणाचा कमी. दोन गावांची गाठ पडली की भांडण ठरलेले. नियमावली, तपासणी, ठसा, क्रमांक, हे सारे लाकडाच्या मनमानीला माणसाने घातलेले लगाम आहेत. हिरवळही त्याच सुमारास बदलली. १८३० मध्ये एडविन बडिंगने ग्लॉस्टरशरमध्ये गवत कापायचे यंत्र केले, त्याआधी हिरवळ कोयत्याने किंवा मेंढ्यांना चारून राखत. गवत एकसारखे झाले तेव्हाच कलातला सूक्ष्म फरक दिसू लागला.

क्रिकेटवेड्या मराठी वाचकासाठी एक नाव इथे घेतलेच पाहिजे. डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस हे १९०३ मध्ये स्थापन झालेल्या इंग्लिश बोलिंग असोसिएशनचे पहिले अध्यक्ष आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत इंग्लंडचे कर्णधार. फलंदाजीचा राजा पन्नाशी ओलांडल्यावर लाकडी गोळा घेऊन वाकायला लागला, आणि या खेळाला इंग्लंडभर प्रतिष्ठा मिळाली. उत्तर इंग्लंडमध्ये मात्र लोकांनी आपला जुना खेळ सोडला नाही. तिथली हिरवळ मध्यभागी उंचावलेली असते, जॅकलाही कल असतो आणि खेळाडू कोणत्याही दिशेने गोळा टाकू शकतात. ब्लॅकपूलला १९०७ पासून त्याची मोठी स्पर्धा भरते. दोन्ही खेळ लाकडाने खेळले गेले, पण उत्तरेकडच्या लोकांनी लाकूड जास्त काळ जपले.

लाकडाचा अंत झाला तो ऑस्ट्रेलियामुळे. खेळ तिकडे १८४५ मध्ये टास्मानियात पोचला होता आणि सर्वत्र पसरला होता. पण तिथल्या कोरड्या उन्हात कॅरिबियनचे लाकूड तडकत असे आणि दूरदेशाहून मागवलेले गोळे महाग पडत. त्यातच एकेरीला चार गोळे लागू लागले. दोन जुळे गोळे शोधणेही अवघड, एकसारख्या वजनाचे चार तर आणखी अवघड. प्रत्येक ओंडक्याचे वजन निराळे. मेलबर्नच्या विल्यम हेन्सेलने १९१८ मध्ये कठीण रबराचा गोळा केला आणि १९३० च्या दशकात प्लास्टिकचा, साच्यातून काढलेला. साच्यातून निघालेले हजार गोळे एकासारखा एक असतात. ते ओले होत नाहीत, वाळत नाहीत. मला त्यांचे वैर नाही. झारखंड, आसाम आणि दिल्लीच्या मुली हा खेळ खेळू शकल्या, याला परवडणारे, भरवशाचे गोळे हेही कारण आहे. पण एक गोष्ट त्यांच्याबरोबर गेली. लाकडाचा खेळाडू आपल्या जोडीचा स्वभाव ओळखत असे; ओल्या सकाळी ती किती वळते, कोरड्या दुपारी किती. आता खेळाडूला फक्त हिरवळ वाचावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांत लाकडी गोळ्यांना कृत्रिम गोळ्यांपेक्षा किंचित मोठा व्यास मान्य होता, कारण लाकूड त्यांच्याहून हलके पडते. लाकडाला मिळालेली एवढीच सवलत.

जमैकाचे राष्ट्रीय फूल म्हणजे याच झाडाचे निळे फूल आणि बहामाचा राष्ट्रीय वृक्षही हाच. १९६६ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धा जमैकाच्या किंग्स्टनमध्ये भरल्या तेव्हा बोल्स त्यात नव्हते. १९३० मध्ये हॅमिल्टनला स्पर्धा सुरू झाल्यापासून हा खेळ वगळला गेला तो त्याच एका वेळी. ज्या मातीतून गोळे गेले तिथे गोळे पोचले नाहीत. झाडेही आता फार थोडी उरली आहेत. गुआयाकमचा व्यापार साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्याशिवाय त्याचे लाकूड देशाबाहेर जाऊ शकत नाही. परिणामी जुने गोळे हाच अनेक कातारांना मिळणारा सोपा लाकूडसाठा झाला आहे. ते चिरून सुऱ्यांच्या मुठी आणि पेनांची टोपणे केली जातात.

म्हणून पुढची प्रकरणे वाचण्याआधी हातात एखादा लाकडी गोळा आला तर काय पाहायचे, ते इथेच सांगतो. फ्रान्समधल्या एग्विन गावचे पितळी खिळे ठोकलेले चेंडू आणि स्कॉटलंडचे चिनी मातीचे घरातले गोळे लाकडी बोल्ससोबत अनेकदा एकाच टोपलीत विकायला ठेवलेले असतात. ते या खेळाचे नाहीत. लिग्नम व्हायटी असेल तर वजन, मेणचटपणा आणि हिरवट झाक यावरून ओळखता येईल. गोळा रेडिएटरजवळ किंवा उन्हात ठेवू नका, त्याला व्हार्निश लावू नका, पॉलिश पेपरने घासू नका. ठसा घासला की त्याचे वय कायमचे पुसले जाते. दोन्ही बाजूंची आद्याक्षरे, आकडे, ठशातले वर्ष आणि मंडळाची अक्षरे लिहून ठेवा, शक्य तर जवळून छायाचित्र घ्या. आणि जोडी मिळाली असेल तर ती फोडू नका. जोडीतले दोन्ही गोळे एकमेकांशी ताडून घडवलेले असतात. सुटा गोळा शोभेला ठेवता येतो, पण त्याच्याने खेळता येत नाही.